थंडीला आणि हरणांना पुरून उरणारी मोठी पानं

बर्फ पडणाऱ्या भागात अळू, केळ, कर्दळ अशी ऐसपैस पानं लावायची म्हटली की लोक आधी थंडीचा विचार करतात. मी हरणांचा आधी करते. थंडी कधी येणार याचा अंदाज असतो, हरणं कुठल्याही पहाटे येतात. आणि दोन्हींचं उत्तर बऱ्याचदा एकाच झाडात सापडतं: ज्याचं पान तोंडात धरवत नाही आणि ज्याचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो.

अळूच घ्या. त्याच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चं पान चावलं की ते जिभेत आणि घशात रुततात. एखादं पाडस लचका तोडून बघतं आणि बाकीचं पान तसंच सोडून जातं. अलोकेशिया, कॅलेडियम, फिलोडेंड्रॉन ही त्याच कुळातली आणि तितकीच खाजरी. म्हणून बागेची जी कड रानाकडे उघडी आहे, तिथे मी अळूची दाट रांग लावते आणि नाजूक झाडं तिच्या आत ठेवते. हरणं वास घेऊन खाणं निवडतात, त्यामुळे सोनटक्का, हळद, गवती चहा यांनाही ती सहसा तोंड लावत नाहीत. कर्दळीची मात्र खात्री देता येत नाही. एरवी ती टिकते, पण कोवळी असताना किंवा कोरड्या उन्हाळ्यात हरणं तिला खातात. रताळ्याचा शोभेचा वेल, जास्वंद आणि कोलियस उघड्यावर लावूच नका.

एरंड एका उन्हाळ्यात माणसापेक्षा उंच होतो, लाल पानांची जात फारच देखणी दिसते आणि हरणं त्याच्या वाटेला जात नाहीत. बी रात्रभर भिजवून माती उबदार झाल्यावर पेरलं की झालं. पण त्याच्या बियांत रायसिन असतं, ते जीवघेणं आहे. घरात लहान मूल किंवा सगळं चावून बघणारं कुत्रं असेल तर मोह आवरा. नसेल तरी तुरे दिसले की बी धरण्याआधीच कापून टाका.

आता वेळापत्रक. वसंतात शेवटचं दव गोठतं, त्याच्या साधारण 6 ते 8 आठवडे आधी अळू, कॅलेडियम, कर्दळीचे कंद घरात कुंड्यांमध्ये लावा. त्यांना 20 ते 25 अंश सेल्सियसची ऊब हवी. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचं द्या. कंद मरतात ते बहुतेक याच टप्प्यावर, थंड आणि ओल्या मातीत कुजून. बाहेर न्यायची घाई करू नका: रात्रीचं तापमान सलग 10 अंशांच्या वर राहायला हवं आणि माती 15 अंशांच्या वर. कॅलेडियमला याहूनही ऊब लागते, त्याला सगळ्यांत शेवटी बाहेर काढा. आधी आठवडाभर कुंड्या सावलीत ठेवा, मग रोज थोडं थोडं ऊन दाखवा. घरात वाढलेलं पान थेट उन्हात नेलं तर भाजतं.

जमिनीत गेल्यावर ही झाडं खादाड असतात. भरपूर शेणखत किंवा कंपोस्ट, नत्र जास्त असलेलं खत आणि पाणी. अळू तर चिखलातही खूश असतं.

लावणीनंतरचे पहिले काही आठवडे जपायचे. कोवळं, रसरशीत पान भुकेल्या हरणाला दिसलं तर ते चाखून बघणारच, मग जात कुठलीही असो. या काळात जाळी घाला, किंवा अंड्यांपासून केलेला हरणं पळवणारा फवारा मारा. पावसानंतर आणि नवीन पान फुटलं की तो पुन्हा मारावा लागतो. कोण खातंय ते कडा बघून कळतं: हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने तोडलेली कड फाटकी असते. सशाने खाल्लेला देठ सुरीने कापल्यासारखा तिरका दिसतो.

शरद ऋतूत पहिलं दव गोठलं की अळू-कर्दळीची पानं काळी पडतात. घाबरू नका, कंद सुखरूप असतो. देठ वीतभर ठेवून कापा, कंद अलगद खणा, काही दिवस हवेशीर जागी सुकवा आणि कोरड्या भुशात 7 ते 10 अंशांवर ठेवा. कॅलेडियम मात्र दव गोठण्याच्या आधीच उचला आणि 15 अंशांच्या वर ठेवा. अलोकेशिया मी कुंडीसकट खिडकीत आणते, पाणी जवळजवळ बंद करते. महिन्यातून एकदा सगळे कंद चाचपून बघा, मऊ लागेल तो लगेच बाजूला काढा.

केळीसाठी मुसा बास्जू ही ‘जपानी केळ’ म्हणून ओळखली जाणारी जात निवडा. नीट झाकला तर तिचा कंद उणे 15 अंशांच्या थंडीतूनही वाचतो. जमीन गोठू लागली की खोड कमरेइतकं ठेवून कापा, भोवती तारेच्या जाळीचं गोल कुंपण करा आणि ते कोरड्या पाल्याने गच्च भरा. वरून पाणी शिरणार नाही असं झाका, कारण थंडीपेक्षा ओल जास्त घात करते. खोड गोठून गेलं तरी खालून मुनवे फुटतात. वसंतात पाला एकदम उपसू नका, थोडा थोडा कमी करत जा. तारेचं कुंपण मात्र काढू नका. त्या दिवसांत रानात हिरवं थोडंच असतं आणि केळीचा ताजा कोंब लांबूनही दिसतो. पानं कुंपणाच्या वर आली की मग ते सोडवून घ्या.