बुद्धिबळाची मालिका बघताना शेजारी पट मांडून ठेवा

ऑक्टोबर २०२० मध्ये ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही बुद्धिबळावरची सात भागांची मालिका नेटफ्लिक्सवर आली तेव्हा आमचा वर्ग बंद होता, मुलं मोबाईलवरच भेटत होती. नंतर माझ्याकडे नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, “ताई, स्पर्धेत खरंच असं असतं का?” मी नाशिकला मुलांना बुद्धिबळ शिकवते आणि जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धांत पंच म्हणून काम करते. या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. म्हणून मी मुलांना मालिका बघायची कशी हेच शिकवायला लागले. ती पद्धत इथे सांगते.

पहिल्यांदा सगळी मालिका न थांबवता बघा. अनाथाश्रमाच्या तळघरात सफाई कामगाराकडून खेळ शिकलेली बेथ हार्मन केंटकीपासून १९६८ च्या मॉस्कोपर्यंत पोचते, ती गोष्ट आधी पोटभर ऐकून घ्या. चुका शोधायच्या म्हणून बसलात तर गोष्टही हातची जाते आणि चुकाही नीट सापडत नाहीत.

दुसऱ्यांदा बघताना शेजारी पट, सोंगट्या, वही आणि पेन्सिल घ्या. डाव दिसला की चित्र थांबवा. आधी पट सरळ मांडलाय का ते बघा. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं हवं आणि वजीर आपापल्या रंगाच्या घरात हवा. जाहिरातींत पट आडवा मांडलेला मी इतक्यांदा पाहिलाय की माझी नजर आपोआप त्या कोपऱ्याकडेच जाते. ते बरोबर असेल तर दिसते ती स्थिती आपल्या पटावर लावा आणि दोन्ही बाजूंनी खेळून बघा. या मालिकेत हे करायला खरा आनंद मिळतो, कारण डावांसाठी माजी जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि अमेरिकन प्रशिक्षक ब्रूस पांडोल्फिनी यांचा सल्ला घेतला होता. केंटकीच्या स्पर्धेत बेथ राज्यविजेत्या बेल्टिकला हरवते तो डाव मुळात रशीद नेझ्मेतदिनोव्ह आणि गेन्रिख कास्पारियन १९५५ मध्ये खेळले होते. मालिकेतला सोव्हिएत जगज्जेता बोर्गोव्ह याच्याविरुद्धचा शेवटचा डाव पॅट्रिक वूल्फ आणि वासिल इवानचुक यांच्या १९९३ च्या, स्वित्झर्लंडमधल्या बीलच्या डावावर बेतलाय. मूळ डाव बरोबरीत सुटला. मालिकेत मध्येच चाल बदलून बेथला जिंकायची वाट करून दिलीय. १९९३ चा डाव १९६८ मध्ये कसा, असं एका मुलाने विचारलं होतं. मला त्यात काही गैर वाटत नाही. पटावर जे मांडलंय ते खऱ्या खेळाडूंच्या डोक्यातून आलेलं आहे, आणि बघणाऱ्याला तेवढा मान दिलाय हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग आवाज बंद करून फक्त हात बघा. माझ्या मते अस्सलपणाची सगळ्यात मोठी खूण हातात असते. मुरलेला खेळाडू उंटाने घोडा मारतो तेव्हा उंट बोटांच्या टोकांत असतो, त्याच हाताची करंगळी आणि तळवा घोडा अलगद उचलतात, घरात उंट बसतो आणि तोच हात घड्याळाकडे जातो. घड्याळ चाल केलेल्या हातानेच दाबायचं असा नियमच आहे. नवशिका एका हाताने मेलेली सोंगटी उचलतो, दुसऱ्याने आपली ठेवतो. बेथचं काम करणाऱ्या अॅन्या टेलर-जॉयचे हात बघा, विशेषतः झटपट डावांत. तिथे शंका घ्यायला जागा राहत नाही.

हात बघताना स्पर्शाचा नियमही लक्षात ठेवा. आपल्या सोंगटीला हात लागला की तीच खेळावी लागते. सारखी करायची असेल तर आधी तसं बोलून मग हात लावायचा. एका स्पर्धेत अकरा वर्षांखालच्या गटात एका मुलाने हत्ती उचलला, अर्ध्यावर नेला आणि त्याला दिसलं की हत्ती हलला की मागे मात आहे. हत्ती हवेतच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोलू शकत नव्हते. समोरची मुलगी शांत बसून होती, तिलाही कळलं होतं. तो हत्ती खाली यायला मिनिटभर लागलं असेल. पडद्यावर मी असा प्रसंग अजून पाहिलेला नाही, आणि ज्या दिग्दर्शकाला तो दाखवायला सुचेल त्याची मालिका मी पहिल्या रांगेत बसून बघेन.

आता मनगटावरचं घड्याळ लावा आणि पडद्यावरचा डाव किती वेळात संपतो ते मोजा. त्या काळात मोठ्या स्पर्धांत साधारणपणे पहिल्या ४० चालींना प्रत्येकी अडीच तास मिळत, म्हणजे एक बैठक पाच तासांची. मालिकेत ते दोन-तीन मिनिटांत आटपतं, आणि तेही मी समजून घेते. खटकतं ते वेगळंच. पडद्यावरचे खेळाडू एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसतात, मधूनच बोलतातही. खऱ्या दालनात नजर पटावर असते. आपली चाल झाली की लोक उठतात, शेजारच्या पटांवर डोकावतात, पाणी पितात, परत येऊन वहीत चाल लिहितात. बरोबरीचा प्रस्ताव सोडला तर प्रतिस्पर्ध्याशी बोलायचं कारणच नसतं. ही शांतता मालिकेत कमी पडते. नोंदपत्रकं मात्र चोख आहेत, आणि पात्रं चाली सांगतात त्या जुन्या पद्धतीने, ‘प्यादं राजा चार’ अशा. आज आपण ई४ म्हणतो, पण १९६० च्या दशकातली अमेरिका तसंच बोलायची.

मालिकेत मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट शेवटच्या भागात आहे, तिथे नक्की थांबा. बोर्गोव्ह डाव तहकूब करायला सांगतो. आज ही पद्धत राहिलेली नाही, म्हणून मुलांना समजावून द्यावी लागते. ज्याची पाळी असेल तो पुढची चाल पटावर करत नाही, कागदावर लिहितो, पाकिटात घालतो. पाकीट बंद होऊन पंचांकडे जातं आणि दुसऱ्या दिवशी पट पुन्हा मांडून झाल्यावरच उघडतं. रात्रभर दोन्ही बाजूंची मंडळी ती स्थिती उलटसुलट करत बसतात. बेथचे मित्र न्यूयॉर्कहून फोनवर तिला सगळ्या शक्यता सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी बोर्गोव्ह त्यांच्या तयारीत नसलेलीच चाल करतो. तिथून ती एकटी. तहकूब डाव खेळलेल्या जुन्या खेळाडूंकडून मी अगदी हेच ऐकलंय: रात्रभर खपायचं आणि सकाळी तिसऱ्या चालीला सगळं पुसलं जायचं.

निकालांचा एक तक्ता वहीत करा: विजय, पराभव, बरोबरी. बरोबरीचा रकाना जवळजवळ रिकामा राहील. खरं उच्च पातळीचं बुद्धिबळ बरोबऱ्यांनी भरलेलं असतं. १९६२ मध्ये क्युरासाओच्या आव्हानवीर स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेत, पेत्रोस्यान, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंनी आपसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले होते.

बेथ गुंगीच्या गोळ्या घेऊन पडते आणि तिला छतावर उलटे लटकलेले मोहरे दिसतात, ते बघून मुलं हमखास विचारतात. डोक्यात डाव चालवणं खरं आहे, चांगला खेळाडू पट न बघता पूर्ण डाव खेळू शकतो. पण मला स्वतःला सोंगट्या दिसत नाहीत, त्यांच्या वाटा दिसतात. उंट कुठून कुठे मारा धरून आहे, कुठलं घर मोकळं पडलंय, एवढंच. ते कॅमेऱ्याने दाखवणं अवघड, म्हणून छत आलं. त्यासाठी गोळ्या मात्र लागत नाहीत, हे मी प्रत्येक मुलाला स्वतंत्र सांगते.

शेवटी पट बाजूला ठेवा आणि कान उघडे ठेवा. अखेरच्या भागात निवेदक नोना गाप्रिंदाश्विलीचं नाव घेऊन सांगतो की ती महिलांची जगज्जेती असली तरी पुरुषांशी कधी खेळलेली नाही. हे साफ खोटं आहे. १९६२ ते १९७८ जगज्जेती असलेली ही जॉर्जियन खेळाडू १९६८ पर्यंत डझनांनी पुरुषांशी खेळली होती, त्यांत ग्रँडमास्टरही होते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या लोन पाइनच्या खुल्या स्पर्धेत ती संयुक्त पहिली आली आणि १९७८ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली महिला ठरली. या वाक्यावरून तिने २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर दावा लावला, आणि २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. मालिका ज्या कादंबरीवरून केली तिच्यात तर गाप्रिंदाश्विली मॉस्कोच्या स्पर्धेतल्या रशियन ग्रँडमास्टरांशी अनेकदा खेळली आहे असंच लिहिलेलं आहे. म्हणजे बरोबर होतं ते बदलून चूक केलं. काल्पनिक मुलीला मोठं करायला खरीखुरी बाई लहान केली, याचा मला आजही राग आहे.

आपल्याला तर हे जास्त टोचायला हवं. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बाईला बाई म्हणून अडवता येणार नाही. माझ्या वर्गातल्या मुली राज्याच्या खुल्या गटात नाव घालतात तेव्हा त्यांच्या वहीत या दोन्ही बायकांची नावं असतात.

म्हणून त्या वाक्यापाशी मी मालिका थांबवते. बेथची स्थिती पटावरून उतरवते, सोंगट्या पहिल्यापासून मांडते आणि गाप्रिंदाश्विलीने १९७४ मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडला रुडॉल्फ सर्वाटी या पुरुष खेळाडूविरुद्ध जिंकलेला डाव मुलांकडून चालीचालीने खेळवून घेते. तो डाव तुम्हाला सहज मिळेल. तुमचा पट शेजारी मांडलेला आहेच.