पाऊस उघडण्याआधी विहिरीचे पाणी तपासा : ब्लूबेरी आणि 'बिलबेरी' लावणाऱ्यांसाठी

परतीचा पाऊस दसऱ्याच्या पुढेमागे उघडेल आणि निफाड, दिंडोरी भागात ज्यांनी ब्लूबेरीची रोपे लावली आहेत ते लगेच ठिबक सुरू करतील. ठिबकचा कॉक फिरवण्याआधी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घ्यावे, एवढ्यासाठी हा सल्ला आहे. पावसाळाभर रोपे हिरवीगार दिसतात, कारण पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे मुळांशी आम्लता मारून लोह अडवणारा चुन्याच्या पाण्यातला विरघळलेला क्षार, जवळजवळ नसतो. दिवाळीनंतर मात्र कोवळ्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागतो, आणि तोवर दुकानदाराने लोहाची पहिली पुडी विकलेली असते. गेल्या हंगामात मी पाहिलेल्या एका बागेत माती, कोकोपीट, खत यांचे सगळे अहवाल फाईलमध्ये नीट लावलेले होते. पाण्याचा अहवाल तेवढा नव्हता. संक्रांतीपर्यंत निम्मी रोपे उपटावी लागली.

काही ठिकाणी हीच रोपे 'बिलबेरी' म्हणून जास्त दराने विकली जातात, त्याला भुलू नये. खरी बिलबेरी, म्हणजे व्हॅक्सिनियम मिर्टिलस, हे उत्तर युरोपातील जंगलांत वाढणारे गुडघाभर उंचीचे झुडूप असून त्याला लांब, कडक हिवाळा लागतो आणि तिथेही फळ बहुतांशी रानातूनच वेचले जाते. फळ चिरून पाहिले की फरक कळतो : बिलबेरीचा गर आतपर्यंत जांभळा असतो, ब्लूबेरीचा फिकट. बिलबेरीच्या औषधी अर्काचे प्रमाणीकरण साधारण ३६ टक्के अँथोसायनिनवर (फळाला जांभळा रंग देणारे द्रव्य) केले जाते, हे खरे आहे. परंतु ती खाल्ल्याने रात्री स्पष्ट दिसते, ही दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या नावावर खपवलेली गोष्ट काटेकोर चाचण्यांत टिकली नाही. निरोगी डोळ्यांना असा फायदा होत असल्याचा पुरावा मिळत नाही, असाच निष्कर्ष २००४ सालच्या आढाव्यात निघाला. रोपासोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकात हे छापलेले नसते.

दोन्ही झाडांच्या मुळांना केसमुळे नसतात, ती उथळ आणि नाजूक असतात, आणि त्यांना ४.५ ते ५.५ सामूची (पीएच) आम्लधर्मी जमीन लागते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो आणि तिच्यात मुक्त चुनखडी असते. गंधक टाकून सामू उतरवा, असे सांगणाऱ्याला हिशेब विचारावा. एका एकराच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे ९०० टन माती असते. तिच्यात १ टक्का चुनखडी धरली तर ती ९ टन होते आणि ती मारायला जवळजवळ ३ टन गंधक लागेल. म्हणून लागवड कोकोपीटच्या पिशवीतच करावी लागते. मात्र पिशवीतही चुना पाण्यावाटे रोज येतच राहतो, आणि नेमके इथेच शेतकरी फसतो.

पाण्याच्या अहवालात बायकार्बोनेट लिटरला ६ मिलिइक्विव्हॅलंट (अहवालात meq/L असे लिहिलेले माप) आले, तर त्यातील ८० टक्के मारण्यासाठी हजार लिटर पाण्याला ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल सुमारे १३० मिली लागते. हातमोजे, चष्मा घालून आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. आधी बादलीभर पाण्यावर त्याच प्रमाणात करून सामू ५.५ च्या आसपास येतो का, हे मीटरने पाहावे. लोह द्यावेच लागले तर ईडीडीएचए या चिलेट (लोहाला विरघळलेले राखणाऱ्या) प्रकारातील घ्यावे. स्वस्त ईडीटीए ६.५ सामूच्या वर टिकत नाही आणि पाणी सुधारल्याशिवाय महागडेही वायाच जाते. शेततळ्यात पावसाचे पाणी साठले असेल तर ते ब्लूबेरीसाठी राखून ठेवावे. द्राक्षासाठी विहिरीचे पाणी त्यातच सोडण्याची घाई करू नये.

बाकीची कामे :
- पिशव्यांची निचरा-छिद्रे मोकळी करणे
- अमोनियम सल्फेट थोडे-थोडे, ठिबकमधून. कॅल्शियम नायट्रेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश टाळणे
- वाळलेल्या फांद्या काढणे
- पक्ष्यांसाठी जाळी

अहवाल येईपर्यंत अंदाज घ्यायचा असेल तर जुन्या खुणा पुरतात : त्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. माझी स्वतःची खूण लाल कोबीची आहे. त्याची पाने उकळून जांभळे पाणी काढावे आणि दोन ग्लासांत, एकात पावसाचे व दुसऱ्यात विहिरीचे पाणी घेऊन, सारखेच चमचे टाकावे. पावसाच्या पाण्यात जांभळा रंग राहतो, विहिरीच्या पाण्यात तो निळा-हिरवट होतो. हा रंगही अँथोसायनिनचाच, म्हणजे बिलबेरीच्या नावाने ज्याचे पैसे मोजले जातात त्याच जातीचा. आम्लाचे प्रमाण मात्र यावरून ठरवू नये. त्यासाठी पंप १५ मिनिटे चालू ठेवून, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, हवा न ठेवता काठोकाठ भरावी आणि त्याच दिवशी मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावी.