पुनर्विकासाच्या प्रस्तावांतील घनतेची तुलना : या चुका टाळा

रत्नागिरीसारख्या शहरात जुन्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी दोन विकासकांचे प्रस्ताव आले, की सभासदांचे लक्ष आधी वाढीव चटई क्षेत्राकडे जाते आणि ‘हेक्टरी सदनिका’, म्हणजे एक हेक्टर जमिनीमागे किती घरे, हा आकडा मागच्या पानावर तसाच पडून राहतो. कोणी वाचलाच तर तो बहुधा चुकीचा वाचला जातो, कारण तो भागाकारातून आलेला असतो आणि कोणत्या जमिनीने भागले, हे कोणी विचारत नाही.

समजा, २४ सदनिकांच्या एका संस्थेचा भूखंड २० गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे २,०२३ चौरस मीटरचा आहे आणि त्यातले ३ गुंठे रस्तारुंदीकरणात जाणार आहेत. पहिला विकासक ४० सदनिका दाखवून घनता हेक्टरी १९८ लिहितो. दुसरा ३८ सदनिका दाखवून २२१ लिहितो. सभेत साहजिकच दुसरा प्रस्ताव दाटीचा ठरतो. प्रत्यक्षात पहिल्याने पूर्ण २० गुंठ्यांनी भागलेले असते, तर दुसऱ्याने रस्त्याची जागा वजा करून उरलेल्या १७ गुंठ्यांनी. दोघांनाही १७ गुंठेच लावले, तर पहिल्याची घनता २३३ भरते, म्हणजे दाटी त्याच्याच प्रस्तावात अधिक आहे. म्हणून मोजणी नकाशा आणि मिळकत पत्रिका समोर ठेवून हा भागाकार संस्थेने स्वतः करावा. तो शाळकरी गणिताइतकाच सोपा आहे.

दुसरी चूक चटई क्षेत्र निर्देशांकाची (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते त्या आकड्याची. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आल्यानंतर बाल्कनी, जिना यांसारखी पूर्वी अनेकदा गणनेबाहेर राहणारी जागाही मोजली जाऊ लागली आणि त्यासाठी निवासी बांधकामात अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे पूरक जादा निर्देशांक, मिळू लागला. त्यामुळे जुन्या मंजूर नकाशावरचा निर्देशांक नव्या आकड्याशेजारी मांडला, तर वाढ आहे त्याहून मोठी दिसते. तुलना करायचीच असेल, तर ती रेरा या स्थावर संपदा कायद्यानुसार मोजलेल्या कार्पेट क्षेत्राची, म्हणजे घराच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेची करावी.

किनाऱ्यालगत आणखी एक गोंधळ होतो. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत ग्रामीण किनारपट्टीसाठी २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ लोकसंख्या ही सीमा आहे. त्याहून दाट वस्तीच्या भागात भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा ५० मीटरचा, विरळ भागात २०० मीटरचा. हा आकडा हेक्टरी जेमतेम २२ माणसांचा होतो, तर वरच्या उदाहरणात ४० घरांत पाच-पाच माणसे धरली तरी हेक्टरी साडेअकराशेच्या वर लोक होतात. पहिली घनता गावाच्या साऱ्या क्षेत्रावरची, त्यात माड-पोफळीचे आगरही आले आणि खाजणही. दुसरी एका भूखंडावरची. एकीच्या आधाराने दुसरीविषयी निष्कर्ष काढू नये.

सदनिकांची संख्या म्हणजे माणसांची संख्या नव्हे, हे कोकणात तरी वेगळे सांगायला नको. निम्म्या घरांना वर्षभर कुलूप आणि गणपतीत त्याच घरांत पंगती, ही आपली रीत. दरडोई १३५ लिटर पाणी धरले, तर घरटी पाच माणसांच्या हिशेबाने ४० घरांना रोज २७,००० लिटर लागेल. चाकरमानी येऊन घरटी आठ माणसे झाली, की ४३,२०० लिटर. जिथे भुयारी गटार नाही, तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा याच दुसऱ्या आकड्यावर बेतलेला आहे का, हे विचारावे. गणपतीत पावसाने विहिरी भरलेल्या असतात, त्यामुळे पाण्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते, आणि तेव्हाही घरे भरलेलीच असतात.

जमीन वापराच्या तक्त्यात ‘मोकळी जागा’ या एका शब्दाखाली बरेच काही खपते : पार्किंगची फरसबंदी, उताराची कडा, पऱ्याकाठची पट्टी. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांना पूररेषेचे महत्त्व सांगावे लागत नाही. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. दोन प्रस्तावांतील मोकळ्या जागेची टक्केवारी ताडण्याआधी निळ्या रेषेच्या आतले क्षेत्र आणि गाड्या उभ्या राहणारे क्षेत्र अशा दोन वेगळ्या ओळी तक्त्यात लिहून मागाव्यात, आणि त्या वजा जाता मुलांना खेळायला किती चौरस मीटर उरतात, तेवढेच जमेस धरावे.