किचनमध्ये स्टेज्ड फोटोंची सिरीज करायची असेल तर

घरातली बाई, तिचं रोजचं जगणं यावर स्टेज्ड, म्हणजे मुद्दाम मांडणी करून, फोटो काढायचे म्हटलं की बरेच जण आधी साड्या नि प्रॉप्स जमवत बसतात. माझं ऐका, आधी फोटोग्राफर कॅरी मे वीम्सची 'किचन टेबल सिरीज' नीट बघा. अमेरिकेतली, १९९० ची, ब्लॅक अँड व्हाइट, २० फोटो आणि सोबत मजकुराचे १४ पॅनल. सगळीकडे तेच टेबल, वर टांगलेला तोच दिवा, मधली बाई म्हणजे वीम्स स्वतः, बाकी पुरुष येतो, मैत्रिणी येतात, मुलगी येते, वस्तू बदलतात, बस्स.

म्हणून जागा एकच ठरवा, ओटा किंवा डायनिंग टेबल, आणि ती शेवटपर्यंत बदलू नका. ट्रायपॉडचे पाय जिथे टेकतात तिथे फरशीवर टेप लावून ठेवा. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, टेबलाच्या या टोकाला, म्हणजे बघणाऱ्याला आपणच समोर बसलोय असं वाटतं. पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा (तिच्यात चेहऱ्यावर सावलीच उरत नाही) आणि वरून एकच बल्ब. मोबाईल असेल तर फोकस-एक्सपोजर लॉक करून (म्हणजे फोकस नि उजेड मध्येच बदलत नाही) १० सेकंदांचा टायमर लावा.

आता पोज. वीम्सच्या एका फोटोत आई आणि लहान मुलगी शेजारी बसून आपापल्या छोट्या आरशात बघत लिपस्टिक लावतायत, एकमेकींकडे बघतही नाहीत तरी मुलगी आईचंच सगळं उचलतेय, आणि बाईपण कसं शिकलं जातं हे तेवढ्यात दिसतं! तुम्हीही अशीच अंगवळणी पडलेली हालचाल शोधा, पदर खोचणं, केस वर बांधणं, पदरानेच गरम पातेलं उतरवणं. उगाच रडवेला चेहरा करून बसू नका, त्याने बाई फक्त बिचारी दिसते आणि मला ते अजिबात पटत नाही.

वस्तू कमीच. इराणच्या फोटोग्राफर शादी गदिरियनने 'लाइक एव्हरी डे' या सिरीजमध्ये चादोर (डोक्यापासून अंगभर घ्यायचं वस्त्र) घेतलेल्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी इस्त्री, चाळणी, झाडू असं एकेकच ठेवलंय, दुसरं काही लागतच नाही.

आई किंवा सासूबाईंना फ्रेममध्ये बसवणार असाल तर फोटो कुठे टाकणार ते आधीच सांगा, आणि त्या नको म्हणाल्या तर त्यांची खुर्ची रिकामी ठेवून काढा.