सेल बदलूनही गाडीचा रिमोट चालत नसेल तर

दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाडीचा रिमोट बंद पडला की अनेक जण थेट नवी चावी करून घ्यायला निघतात. इतकी घाई करू नका. बिघाड बऱ्याचदा एखाद्या किरकोळ भागात असतो आणि तो घरी सापडतो.

दोष चावीत आहे की गाडीत, हे आधी ठरवा. दुसऱ्या चावीचा रिमोट चालला तर गाडी ठीक आहे. दोन्ही रिमोट चालत नसतील तर गाडीतल्या लॉकच्या बटणाने दारं लावून पाहा. तीही हलली नाहीत तर सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज आणि ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीजवळची वायर तपासा. दार सतत उघडबंद होऊन ती वायर तिथे तुटते. डिकी अर्धवट लागलेली असेल किंवा इग्निशनमध्ये चावी राहिली असेल, तर बऱ्याच गाड्या रिमोटला दाद देत नाहीत. रिमोट अगदी जवळूनच चालत असेल तर लायटर सॉकेटमधला स्वस्त चार्जर काढून पाहा. त्याच्या विद्युत गोंगाटाने रेंज घटते.

टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासतात, ती युक्ती इथे चालत नाही. गाडीचे रिमोट सहसा रेडिओ लहरींवर चालतात, आपल्याकडे बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर.

आता सेल. त्यावरच्या आकड्यातच त्याचं माप असतं: सीआर२०३२ म्हणजे व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. त्याच्या जागी सीआर२०२५ बसतो, पण ०.७ मिमी पातळ असल्यामुळे सैल राहतो आणि चावी हलली की संपर्क सुटतो. नवा सेल मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. जुना सेल नुसता मोजला तर फसवतो: आकडा ३ दिसतो आणि बटण दाबताच कोसळतो. म्हणून सेल जागेवर ठेवून, बटण दाबलेलं असताना मोजा. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

सेल ठीक असेल तर त्याखालची पत्ती पाहा. दबली असेल तर लाकडी टूथपिकने हलकेच वर उचला. हिरवट-पांढरा थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात भिजलेल्या चावीचं काम अनेकदा एवढ्यावरच भागतं.

त्यानंतर खरा संशय बटणाखालच्या स्विचवर घ्यावा. लॉक होतं पण अनलॉक होत नाही, दाबताना 'टिक्' जाणवत नाही, किंवा नवा सेल चार दिवसांत संपतो (स्विच आत चिकटून सतत दाबलेला राहतो), या तिन्ही खुणा त्याच्याच. सेल काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो). चार पायांच्या स्विचमध्ये दोन-दोन पाय आतून जोडलेलेच असतात, म्हणून तिरप्या कोपऱ्यांवर मल्टिमीटरची टोकं लावा. दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांतता, हे बरोबर. नवा स्विच घेताना लांबी-रुंदीइतकीच उंचीही मोजा. अर्धा मिलिमीटर जास्त झाली तर कव्हर लागताच बटण दाबलेलं राहतं. कमी झाली तर रबर पोचतच नाही. बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न वापरा आणि प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंदच उष्णता द्या. सोल्डर पूर्ण वितळण्याआधी स्विच ओढला तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टा सोबत उखडतो.

चावी जोरात पडल्यापासून बंद असेल आणि रिमोटवरचा दिवा लागूनही गाडी ऐकत नसेल, तर सेलच्या होल्डरचं तडकलेलं सोल्डर शोधा. ते शाबूत असेल तर लहरींची वारंवारता ठरवणारा क्रिस्टल किंवा रेझोनेटर फुटलेला असू शकतो. त्यासाठी रिमोट दुरुस्त करणाऱ्याकडे जा.

नुसतं कव्हर बदलायचं असेल तर जुनं टाकून देण्याआधी त्याचे कोपरे नीट पाहा. इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चिप बऱ्याच चाव्यांत काळ्या, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या तुकड्यात, बोर्डापासून वेगळी बसवलेली असते. तिला सेल लागत नाही, म्हणून रिमोट मेला तरी गाडी सुरू होते. ती जुन्या कव्हरात राहिली तर दार उघडेल, इंजिन मात्र सुरू होणार नाही.

हे सगळं ठीक असूनही गाडी गप्प असेल तर कोडचा मेळ सुटलेला असतो. बटण दर वेळी नवा कोड पाठवतं. गाडीपासून लांब, खिशात शेकडो वेळा दाबलं गेलं तर गाडी मागे पडते. काही मॉडेल्समध्ये इग्निशन चालू करून लॉकचं बटण दाबलं की मेळ परत बसतो, काहींना स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं गॅरेजमधलं यंत्र) लागतो. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच करा. स्कॅनर लावायला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. कित्येक गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि घरी राहिलेली चावी बाद होते.