घाणेरी कशी काढावी, पायवाट कशी राखावी: मुंबईच्या जंगलातलं ऋतूनुसार काम

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान असो, ठाण्याकडचं येऊर असो की आरेची कड, जरा आत शिरलं की वाटेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी-पिवळ्या फुलांची काटेरी जाळी लागते. ही घाणेरी, कुणी टणटणी म्हणतं. मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून भारतात आणलेली. तिच्या दाट जाळीखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे कारवी, कुडा, ऐन या देशी झाडाझुडपांची रोपं डोकं वर काढू शकत नाहीत. फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं, पण तो फक्त मधाचा भाग झाला. त्यांच्या अळ्यांना खायला त्यांच्या ओळखीची देशी झाडंच लागतात.

कोयत्याने वरवर छाटलेली घाणेरी पुढच्या पावसात आणखी फांद्या फोडून उभी राहते. असं काम न केलेलं बरं. म्हणून आधी पद्धत समजून घ्या.

परवानगी आधी, कोयता नंतर

राष्ट्रीय उद्यानात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. तिथलं कुठलंही झाडझुडूप, मग ते परदेशी का असेना, परवानगीशिवाय तोडणं किंवा बाहेर नेणं गुन्हा आहे. वनखात्याशी बोला, किंवा त्यांच्या परवानगीने आधीच काम करणाऱ्या गटात जा. आरेत जमीन वेगवेगळ्या खात्यांकडे आहे, तेव्हा तुमचा तुकडा कुणाच्या अखत्यारीत येतो ते आधी विचारा. आणि जवळच्या पाड्यावर जाऊन बोला. वारली, मल्हार कोळी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पाणी कुठून वाहतं, बिबट्याचा वावर कुठे असतो, कुठल्या उतारावर शेवळं येतात हे तिथल्या मावशी आणि दादा तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

तुकडा लहान निवडा. वर्गखोलीएवढी जागा तीन-चार वर्षं सांभाळणं हे एका रविवारी अख्खा उतार साफ करण्यापेक्षा मोलाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. उघडी केलेली जमीन सोडून दिली की घाणेरीच्या जागी रानमोडी हे दुसरं परदेशी तण येतं, आणि जंगलाचं काहीच भलं होत नाही.

ओळख पक्की करा

घाणेरीचं खोड चौकोनी, त्यावर बारीक काटे, पान खरखरीत आणि चुरगाळलं की उग्र वास. रानमोडीच्या पानावर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या दिसतात, हीच तिची खूण. गाजरगवताची पानं गाजराच्या पानांसारखी चिरलेली, फुलं बारीक पांढरी. जंगलाच्या कडेला सुबाभूळही भरपूर असते, पण तिच्या मोठ्या झाडांना स्वयंसेवकांनी हात लावू नये. ते वनखात्याचं काम.

कारवीला मात्र जपा. तिचीही पानं खरखरीत, दातेरी आणि समोरासमोर असतात, त्यामुळे नवख्या माणसाचा घोटाळा होतो. पण तिच्या खोडावर काटे नसतात आणि पान बरंच मोठं असतं. इथली कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०१६नंतर ती २०२४मध्ये फुलली. म्हणजे आज उपटलेलं रोप एकदाही न फुलता गेलं. भारंगी, फोडशी, कुर्डू यांनाही हात लावू नका. पावसात पाड्यावरच्या बायका याच भाज्या खुडायला येतात. शंका आली की रोप तसंच ठेवा आणि जाणत्याला दाखवा.

पावसाळा: उपटण्याचे दिवस

जुलै-ऑगस्टमध्ये माती मऊ असते, गुडघ्याएवढी रोपं मुळासकट निघतात. रानमोडीसाठी हाच काळ. ती हिवाळ्यात फुलते आणि पुढे तिचं बी वाऱ्यावर उडतं, म्हणून ऑक्टोबरपर्यंत तिचं काम संपवा. गाजरगवतही फूल येण्याआधीच काढा. त्याच्या परागांनी दम्याचा त्रास वाढतो आणि पाल्याने कातडीवर खाज-पुरळ उठतं, तेव्हा हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं हवंच.

उपटलेलं रोप ओल्या मातीवर टाकलं तर पुन्हा रुजतं. मुळं झटकून ते दगडावर किंवा झुडपाच्या फांदीवर वाळत टाका.

पावसानंतर: घाणेरीची जुनी जाळी

इथे खरी मेहनत आहे. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात रुळवलेली पद्धत मला सगळ्यात योग्य वाटते. घाणेरीला नवे धुमारे फुटतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या सांध्यातून. म्हणून आधी बाहेरच्या फांद्या छाटून बुंध्यापर्यंत जागा करा. मग बुंध्याभोवतीची माती थोडी सारून कुदळीने जमिनीखाली साधारण तीन ते पाच सेंटीमीटरवर मूळ तोडा. सांधा वरच्या भागाबरोबर निघाला पाहिजे. निघालेलं झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे बुंधा आभाळाकडे आणि मातीला न टेकलेला. सगळी जमीन खणायची गरज नाही. जितकी माती हलेल तितकं तिच्यातलं जुनं बी वर येतं.

कोयता चालवण्याआधी जाळीत घरटं आहे का ते वाकून बघा. सातभाई, बुलबुल अशा जाळ्यांत घरटी करतात. घरटं दिसलं तर ती जाळी राहू द्या. जाळी एकदम सपाट न करता पट्ट्यापट्ट्याने काढा, जनावरांना आडोसा उरतो. काळी पिकलेली फळं असलेल्या फांद्या वेगळ्या गोणीत भरा आणि त्यांचं काय करायचं ते वनरक्षकांना विचारा. वाळलेला पाला जाळायचा नाही, वाटेकडेला ढीगही लावायचा नाही. फेब्रुवारीनंतर असा ढीग वणव्याला निमंत्रण देतो.

फुरसं आणि घोणस हे विषारी साप पाल्यात दिसत नाहीत. हात घालण्याआधी काठीने हलवा, घोट्यावर येणारे बूट घाला. एकटं जाऊ नका, आणि उजेड असतानाच परत फिरा.

पायवाट: पाणी कुठे जातं ते बघा

पायवाट बिघडते ती मुख्यतः पाण्याने. म्हणून पहिली पाहणी भर पावसात करा, अर्थात वाट चालू असेल आणि परवानगी असेल तरच. पाणी वाटेवर कुठे चढतं, किती लांब वाहतं, कुठे उतरतं, ते लिहून ठेवा. दुरुस्ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि मे अखेरीस पुन्हा एकदा.

पाणी चढतं त्याच्या जरा खाली वाटेत पसरट खळगा करा. त्याचं तोंड उताराच्या बाजूला उघडं आणि वाटेबाहेरपर्यंत गेलेलं हवं. चढ जास्त असेल तर दगडांची आडवी ओळ पुरा. ती काटकोनात नको, साधारण पंचेचाळीस अंशांत तिरकी हवी, म्हणजे पाणी अडून न राहता बाजूला वळतं. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडा, नाहीतर पहिल्याच गर्दीत हलतो. सिमेंट नको.

माणसं चिखल टाळायला बाजूने चालतात आणि एका वाटेच्या तीन होतात. त्या चोरवाटांच्या तोंडाशी वाळलेल्या फांद्या आडव्या टाका. कारवीची जिवंत काठी त्यासाठी तोडू नका. वाटेवर आलेलं झुडूप माणूस सहज जाईल इतकंच मागे सारा. पालापाचोळा झाडून काढू नका, पडलेला ओंडका रस्ता अडवत नसेल तर राहू द्या. दगडांवर रंगाचे बाणही नकोत.

बोरिवली, मुलुंड, ठाण्याच्या सोसायट्यांनी एक पथ्य पाळावं: बागेतली छाटणी आणि जुन्या कुंड्यांमधली माती कुंपणापलीकडे फेकू नये. शोभेच्या वेली तिथूनच जंगलात शिरतात.

दुसरं वर्ष

पहिल्या दिवशी तुकड्याचा एका ठरावीक दगडावरून फोटो घ्या आणि तारीख नोंदवा. पुढच्या जुलैत तिथूनच दुसरा घ्या. मग मोठ्या झाडांच्या खाली शोधा: बुलबुल घाणेरीची फळं खाऊन फांद्यांवर बसतात, बी खाली पडतं, आणि नवी रोपं सगळ्यात आधी तिथेच दिसतात. बोटभर असतानाच ती दोन बोटांनी निघतात. जिथे देशी गवत आणि रोपं आपणहून उगवली असतील तिथे काहीही लावू नका. जमीन उघडीच राहिली असेल तर वनखात्याला विचारून, त्याच उताराच्या बियांपासून वाढवलेली रोपं पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा.