अंगावरचं दूध पुरतंय की नाही, आणि कधीपर्यंत पाजायचं

सातवा-आठवा महिना लागला की दुपटी, झबली, टोपडी, डिंकाचे लाडू सगळ्याची तयारी सुरू होते पण बाळाला पाजायचं कसं हे कोणी बसून सांगत नाही, ते आपोआप जमतं असं सगळेच धरून चालतात. जमतं, पण सुरुवातीला जवळ कोणीतरी धीर देणारं लागतं, म्हणून हे आत्ताच वाचा आणि आईला, सासूबाईंना, नवऱ्यालाही वाचायला द्या.

डिलिव्हरीनंतर तासाभरात बाळ छातीशी यायला हवं, हे डॉक्टर आणि सिस्टरना आधीच सांगून ठेवा. सिझर झालं तरी बहुतेक वेळा भूल पाठीतून दिलेली असते, आई जागी असते, त्यामुळे मदतीला कोणी असलं की पाजता येतं. पहिले दोन-तीन दिवस येतं तो चीक, घट्ट पिवळसर आणि अगदी चमचा-चमचा, तो पाहून "हिला दूधच नाही" म्हणू नका प्लीज, बाळाचं पोट तेव्हा एवढंसं असतं आणि त्याला तेवढंच लागतं. चीक पिळून टाकायचा तर अजिबातच नाही, रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. मध, गुळाचं पाणी, गुटी यातलं काहीही नको. मधातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो म्हणून वर्षभर मध बंद, आणि गुटीची सहाण, पाणी, उगाळणारा हात यातून जंतू थेट पोटात जातात. आजीला बाळाचं काही करायचं असेल तर पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम तिला द्या, ते खरंच मोठं काम आहे.

आता पकड, कारण बहुतेक त्रास इथूनच सुरू होतो. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं, डोकं आणि पाठ एका रेषेत, मान वळवून प्यायला लागू नये. निपल वरच्या ओठाला हळूच लावा, बाळ जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडेल, त्या क्षणी बाळाला छातीकडे आणा, स्वतः वाकून छाती बाळाकडे नेऊ नका, पाठ मोडते. नुसतं निपल नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, आणि दूध उतरलं की गिळल्याचा आवाज येतो. सारखं टोचतंय, चिरा पडतायत म्हणजे पकड चुकतेय, दात-ओठ खाऊन सहन करू नका, करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि परत लावा.

दूध पुरत नाही हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. संध्याकाळी बाळ किरकिर करतं, तासाभरात परत मागतं, की लगेच कोणीतरी पावडरचा डबा आणतं. पण बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध बनतं, वरचं दूध दिलं की पोट भरतं, ते कमी ओढतं आणि मग दूध खरंच कमी होतं. त्यामुळे रडण्यावरून ठरवू नका, सू मोजा. पाच-सहा दिवसांनंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा सू होतेय, सुरुवातीला थोडं उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलंय, तर दूध पुरतंय. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा, रात्रीचं चुकवू नका. मात्र बाळ सुस्त पडलंय, प्यायला उठत नाही, सू कमी झाली, तर वाट न बघता डॉक्टर गाठा, आणि त्यांनी काही दिवस वरचं द्यायला सांगितलं तर आईने अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळांसाठी दान केलेलं दूधही असतं, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये सुरू झाली.

सहा महिने फक्त अंगावरचं, विदर्भातल्या मे महिन्यातही वेगळं पाणी नको, दुधात भरपूर पाणी असतं, फक्त जास्त वेळा पाजा. डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स तेवढे चालू ठेवा.

नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे आणि कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन ब्रेकही, हे एचआरला विचारायला लाजू नका. हात स्वच्छ धुवून उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढा, बाहेर चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस, आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करा पण त्या दिवशीच्या खिरीवर थांबू नका, दुसऱ्या दिवसापासून रोज खाणं सुरू. वरणाचं पाणी नको, घट्ट वरण-भात कुस्करून वर तूप, नाचणीची खीर, भाजी, अंडं, चमचा तिरका केला तर ओघळू नये इतकं दाट. मीठ-साखर बाळ वर्षाचं होईपर्यंत नाहीच.

आणि अंगावरचं चालूच ठेवा, दोन वर्षं आणि पुढेही दोघांना हवं तोवर. वर्षानंतर दुधात कस राहत नाही हे खरं नाही, दुसऱ्या वर्षातही बाळाच्या गरजेच्या साधारण एक तृतीयांश उष्मांक त्यातून मिळू शकतात, आणि तापात बाळ घास घेत नाही तेव्हा बऱ्याचदा तेवढंच पोटात जातं. सोडवायचं ठरलं की कडुनिंब किंवा मिरची लावून बाळाला घाबरवू नका. आधी दुपारचं एक बंद करा, त्या वेळी खाऊ नाहीतर खेळ, काही दिवसांनी पुढचं, झोपतानाचं सगळ्यात शेवटी, आणि मध्ये छाती जड झाली तर आराम पडेल इतपतच हाताने काढा.